कळसूबाई ते भीमाशंकर : जंगलवाटेवरील मुक्काम, पाणी आणि शिधा यांचे नियोजन

सह्याद्रीचा घाटमाथा कळसूबाईपासून दक्षिणेकडे भीमाशंकरपर्यंत जवळजवळ सलग चालत जाता येतो. वाटेत रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग आणि आहुपे ही ठिकाणे लागतात. दिवसाला सहा-सात तास चालणाऱ्या आणि वाटेतली स्थळे नीट पाहणाऱ्या माणसाला यासाठी आठ ते दहा दिवस हाताशी ठेवावे लागतात. एका किल्ल्यावर जाऊन परत येण्याची सवय असलेले अनेक भटके अशा लांब वाटेवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अडचणीत येतात. त्यांच्या पायांत बळ असते, पण मुक्काम किल्ले पाहून ठरवलेले असतात, पाणी आणि माणसे पाहून नव्हे. म्हणून मोहीम आखताना आधी पाणी पाहावे, मग वाड्या पाहाव्यात आणि त्यानंतर त्यांच्यामध्ये किल्ले बसवावेत. या लेखातील सगळ्या सूचना या एका क्रमावर उभ्या आहेत.

भूगोल आधी समजून घ्यावा

ही वाट पाणलोटाच्या माथ्यावरून जाते. पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे आहेत आणि पूर्वेला नद्यांची उगमस्थाने आहेत. प्रवरा रतनगडाच्या परिसरात, मुळा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत, कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला आणि भीमा भीमाशंकरला उगम पावते. इतक्या नद्यांच्या उशाशी पाण्याची चिंता कशाला, असे नवख्याला वाटते, पण खरी अडचण उगमापाशीच असते. उगमाजवळ ओढ्याला मागून पाणी पुरवणारे क्षेत्र फार लहान असते आणि काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे पावसाळ्यात काही हजार मिलीमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यातले बरेच ओढे संक्रांतीच्या सुमारास नुसत्या गोट्यांचे होतात. नकाशावर निळी रेघ दिसते म्हणून तेथे पाणी असेल असे धरून कधीही चालू नये. त्याउलट कातळात खोदलेली टाकी भर उन्हाळ्यातही पाणी देतात, कारण त्यांतली अनेक टाकी थरांच्या सांध्यांतून पाझरणारे पाणी नेमके हेरून खोदलेली आहेत.

मोहिमेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असते, पण गवत कमरेपर्यंत वाढलेले असल्याने वाटा झाकल्या जातात. मार्चपासून ऊन चढते, वणवे लागतात आणि पाण्यासाठी वाकड्या वाटेने खाली उतरावे लागते. पावसाळ्यात ही वाट सलग चालण्याचा विचारही करू नये. कातळ निसरडे होतात, ओढे अचानक फुगतात आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही.

कागदावरची तयारी

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळवून त्यांवर प्रथम वाड्या-वस्त्या, विहिरी, टाकी आणि देवळे खुणावीत. या नकाशांवर समोच्च रेषांमधील, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील, उंचीचे अंतर २० मीटर असते. त्यामुळे दोन ठिकाणांमध्ये किती चढउतार आहे हे रेषा मोजून कळते. मोबाइलमध्ये नेटविना चालणारा नकाशा जरूर असावा, परंतु खोल घळीत आणि दाट झाडीत त्याची खूण पाच-पन्नास मीटर सरकू शकते, आणि कड्याच्या काठावर तेवढी चूक पुरेशी असते. कागदी नकाशा आणि साधे होकायंत्र गटातील किमान दोघांना वापरता आले पाहिजे.

वेळेचा हिशेब असा करावा. पाठीवर बारा-तेरा किलो वजन असताना सपाटीवर तासाला तीन किलोमीटर धरावेत आणि दर ३०० मीटर चढाईमागे एक तास जास्तीचा मिळवावा. पायथ्याच्या बारी गावापासून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर चढ आहे. म्हणजे नुसत्या चढाईचेच तीन तास होतात, चालण्याचा वेळ वेगळा. अवघड उतारालाही चढाइतकाच वेळ द्यावा. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून मुक्कामाच्या जागी साडेचारपर्यंत पोहोचता येईल एवढाच टप्पा ठेवावा. पाणी भरणे, जागा साफ करणे आणि दुसऱ्या दिवसाच्या वाटेची सुरुवात उजेडातच पाहून ठेवणे या तिन्ही कामांना तास-दीड तास सहज लागतो.

वाटेचा मोठा भाग अभयारण्यांत आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली आणि भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. प्रवेशशुल्क, रात्रीच्या मुक्कामाची परवानगी आणि बंद केलेल्या वाटा यांविषयीचे नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे निघण्यापूर्वी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी आणि लेखी परवानगी लागत असल्यास ती जवळ बाळगावी. जंगलात चूल पेटवू नये. स्वयंपाक स्टोव्हवर किंवा वाडीतल्या घरातच करावा.

शिध्याची मोजणी

सर्व दिवसांचे अन्न पहिल्याच दिवशी पाठीवर घेणे अनावश्यक आहे. चालणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा लागतो. नऊ दिवसांचा एकदम घेतला तर सहा किलोंच्या आसपास वजन होते. त्यात चार लिटर पाणी मिळवले की कपडे आणि अंथरूण बांधण्याआधीच दहा किलो झाले. म्हणून तीन दिवसांचा शिधा, अधिक एका दिवसाची राखीव भर, एवढेच घेऊन निघावे आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी तो पुन्हा भरून घ्यावा.

काय न्यावे याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. दुधात मळलेल्या दशम्या हिवाळ्यात दोन-तीन दिवस चांगल्या राहतात, साधी भाकरी दुसऱ्या दिवशीच कडक होते. शेंगदाण्याची चटणी, सुके खोबरे, गूळ आणि मेतकूट यांना वजन कमी आणि ताकद जास्त. रात्रीच्या जेवणासाठी माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम मूगडाळ पुरते. मूगडाळच घ्यावी, कारण तूरडाळ शिजायला वेळ घेते आणि इंधन खाते. कुळथाचे पीठ पाव किलो जवळ असावे. पिठले दहा मिनिटांत होते, थंडीत अंगात ऊब येते आणि वाडीतून मिळालेल्या भाकरीशी ते उत्तम जमते. मीठ-साखरेची पाकिटे मात्र औषधांच्या डब्यात ठेवावीत, म्हणजे ती सहज संपवली जात नाहीत.

स्टोव्हच्या गॅसचे डबे शहरातूनच न्यावे लागतात. हे मळसूत्री डबे वाटेतल्या दुकानांत मिळत नाहीत, त्यामुळे शिध्याप्रमाणे इंधन वाटेत भरता येईल असे समजू नये. दोन माणसांना एक वेळचा भात-वरण आणि दोन वेळचा चहा धरून २३० ग्रॅमचा एक डबा चार-पाच दिवस पुरवता येतो, मात्र भांड्यावर झाकण आणि स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा हवा.

पहिला टप्पा : बारी ते रतनवाडी

घोटी-भंडारदरा रस्त्यावरील बारी गावातून कळसूबाईची मळलेली वाट निघते आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. हा दिवस सामान बारीतच ठेवून हलक्या पाठीने करावा. नंतर भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात पोहोचावे. येथे किराणा, भाजी, औषधे मिळतात, आणि पहिल्या टप्प्यातले हे शेवटचे बरे दुकान आहे. विसरलेली काडेपेटी, टॉर्चचे सेल, सुटे पैसे, सगळे येथेच पुरे करून घ्यावे. पन्नास आणि शंभरच्या नोटा पुरेशा असाव्यात. पुढे मोबाइलला रेंज असेलच असे नाही आणि रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही बंद पडते.

शेंडीहून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी गाठावी. येथील अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आणि त्याची पुष्करणी पाहण्यास पुरेसा वेळ ठेवावा. खांबांवरील आणि बाह्य भिंतींवरील कोरीवकाम घाईत पाहून होत नाही.

दुसरा टप्पा : रतनगड, कात्राबाई, कुमशेत

हा संपूर्ण वाटेचा गाभा आहे आणि चुकण्याची शक्यताही येथेच सर्वांत जास्त. रतनवाडीतून निघालेली वाट प्रवरेच्या पात्राच्या आधाराने दाट झाडीत शिरते. पुढे तिला फाटा फुटतो. एक वाट शिड्यांनी रतनगडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. गडावर जाताना हा फाटा थांबून नीट पाहावा आणि त्याचे मागे वळून दिसणारे रूपही लक्षात ठेवावे, कारण दुसऱ्या दिवशी आपण तेथे उलट बाजूने येणार असतो. गडावर गुहेत मुक्काम करता येतो, टाक्यांचे पाणी मिळते आणि नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, कोकण व घाटमाथा दोन्ही एकदम दिसतात. शनिवार-रविवारी गुहेत जागा मिळणे कठीण असते, त्यामुळे हा मुक्काम आठवड्याच्या मधल्या वारी पडेल असे पाहावे.

टाक्यातून पाणी काढण्याचीही रीत आहे. सकाळी कोणी उतरण्यापूर्वी पाणी भरावे. पायरीवरून वाकून बाटली बुडवली की तळाचा गाळ उठतो, म्हणून लहान किटलीला दोरी बांधून ती पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी सोडावी आणि वरचे चार बोटे पाणीच घ्यावे. धुतलेल्या सुती कापडाची चौपदरी घडी करून त्यातून ते गाळावे, मग क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे किंवा पाणी खळखळून उकळावे. टाक्यात पाय धुणे, भांडी बुडवणे किंवा साबण लावणे हा पुढच्या माणसावर केलेला अन्याय आहे. शेकडो वर्षे टिकलेली ही सोय आपल्या एका आंघोळीने नासते.

कात्राबाईच्या खिंडीकडे जाताना कारवीचे रान लागते. उंच कारवीत दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि गुरांच्या वाटा मूळ वाटेला चिकटून फुटत राहतात. दोन वाटा समोर आल्या तर आधी जमीन पाहावी. माणसांच्या वाटेवर दगडांचे माथे घासून गुळगुळीत झालेले असतात, आडव्या फांद्या खांद्याच्या उंचीपर्यंत कोयत्याने छाटलेल्या असतात आणि वाट चढावर नागमोडी वळते. ढोरवाटेवर शेण आणि खुरांचे ठसे दिसतात, फांद्या पोटाच्या उंचीपर्यंतच मोडलेल्या असतात आणि शंभर-दोनशे पावलांनी ती गवतात विरते किंवा पाणवठ्यापाशी संपते. पाणी हवे असेल तर हीच ढोरवाट उपयोगी पडते. रचलेल्या दगडांच्या खुणांवर आणि रंगवलेल्या बाणांवर विश्वास ठेवावा, पण आंधळा नको. वीस मिनिटे एकही खात्रीची खूण दिसली नाही तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे यावे. ‘जरा पुढे जाऊन पाहू’ असे म्हणत कड्याच्या दिशेने उतरणे, हेच सह्याद्रीतल्या बहुतेक अडकण्याचे मूळ असते.

खिंड ओलांडून उतरले की मुळेच्या खोऱ्यात कुमशेत लागते. रतनगडावरून निघाल्यापासून इथपर्यंत सहा ते आठ तासांची चाल आहे. तेवढ्या वेळेचे पाणी, म्हणजे माणशी किमान तीन लिटर, गडावरूनच भरून घ्यावे.

वाडीवर शिधा कसा भरावा

कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई ही मुख्यतः महादेव कोळी समाजाची गावे आहेत. भात, नाचणी आणि वरई ही येथील पिके. घरात धान्य असते, पण ते वर्षाचे असते, दुकानातला माल नव्हे, हे मागणी करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. दहा जणांच्या गटाने संध्याकाळी सात वाजता अचानक दार ठोठावून जेवण मागणे योग्य नाही. मोठा गट असेल तर ज्यांच्याकडे जेवायचे त्यांना दोन दिवस आधी निरोप द्यावा. लहान गटाने दुपारी उशिरा का होईना उजेडी पोहोचावे, सामान उतरवून आधी विचारावे आणि शक्य असेल तर तांदूळ-डाळ आपली देऊन भाकरी, भाजी व श्रमाचे पैसे वेगळे द्यावेत. दर आधी ठरवावा आणि ठरल्यावर घासाघीस करू नये. ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ असे उत्तर आले तर पायथ्याच्या खानावळीत एका ताटाला जे देतो त्याहून कमी देऊ नये. डोंगरात तो किराणा माणसाने वाहून आणलेला असतो.

भातकापणी आणि झोडणी उरकली की या भागातले कर्ते लोक कामासाठी नारायणगावच्या बागायती पट्ट्याकडे जातात. जानेवारी-फेब्रुवारीत पडवीत बहुधा आजीआजोबा आणि लहान मुलेच भेटतात. अशा घरी जड काम त्यांच्यावर पडू न देता पाणी आपणच विहिरीवरून आणावे. पहाटे मावशी किंवा आजी नाचणीच्या भाकऱ्या थापत असतात, तेव्हाच दुपारच्या शिदोरीसाठी दोन-दोन भाकऱ्या जास्तीच्या सांगाव्यात. तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या लगेच डब्यात कोंबल्या तर वाफेने ओल्या होतात. त्या आधी उभ्या करून निववाव्यात, मग ठेचा वेगळ्या कागदात बांधून सुती फडक्यात गुंडाळाव्यात.

वाट विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ‘ही वाट पाचनईला जाते ना?’ असे विचारले तर पाहुण्याला नाही कसे म्हणायचे म्हणून ‘हो’ असे उत्तर येऊ शकते. ‘दादा, पाचनईला तुम्ही स्वतः कोणत्या वाटेने जाता? ओढा कोणत्या हाताला राहतो? मध्ये पाणी कुठे आहे?’ असे विचारावे आणि दोन वेगवेगळ्या माणसांची उत्तरे जुळतात का ते पाहावे. अंतर विचारू नये, वेळ विचारावा आणि मिळालेला वेळ आपल्या चालीने दुप्पट धरावा. कात्राबाईच्या भागात पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी वाटाड्या घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटाड्याला त्याच्या परतीच्या दिवसाचीही मजुरी आणि जेवण द्यावे.

तिसरा टप्पा : पाचनई, हरिश्चंद्रगड, खिरेश्वर

कुमशेतहून पेठेच्या वाडीमार्गे पाचनईला यावे. पाचनई राजूरशी रस्त्याने जोडलेली आहे, म्हणून शिध्याची पहिली मोठी भर येथे ठेवणे सोयीचे. मोहिमेच्या आधी ओळखीच्या घरी एक गोणी पोहोचती करता आली तर उत्तम. गोणीवर नाव, उचलण्याची तारीख आणि फोन क्रमांक ठळक लिहावा. पीठ-तांदूळ जाड डब्यात भरावेत, कारण प्लास्टिकची पिशवी उंदीर एका रात्रीत फोडतात. ठेवणावळ द्यावी.

पाचनईतून गडाची वाट सोपी आहे आणि दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचता येते. गडावर हंगामात झोपड्यांतून जेवण मिळते, त्यामुळे येथे आपला शिधा वाचवता येतो. पिण्याचे पाणी मंदिराजवळच्या टाक्यातून घ्यावे. केदारेश्वराच्या गुहेतले पाणी दर्शनाचे आहे, पिण्याचे नव्हे. येथे पूर्ण एक दिवस थांबावे, कपडे धुवावेत, पायांचे फोड पाहावेत, तारामती आणि कोकणकडा निवांत पाहावा. कोकणकड्याची कड आतून पोखरलेली आहे, म्हणून काठावर उभे राहू नये. पोटावर झोपूनच खाली पाहावे आणि वारा असेल तर तेही टाळावे. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड फेकणे यांमुळे माश्या उठतात. त्या उठल्याच तर तोंड झाकून झाडीत शांतपणे दूर जावे. हात झटकू नयेत.

खिरेश्वरकडे उतरताना तोलार खिंडीआधीच्या कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे असावेत. खिरेश्वरला नागेश्वराचे जुने मंदिर आहे. तेथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खुबी फाट्यावर, म्हणजे कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर येता येते.

मधला थांबा : जुन्नर

खिरेश्वरहून नाणेघाटापर्यंत चालतही जाता येते, परंतु येथे एसटीने जुन्नर गाठून एक रात्र थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शिध्याची दुसरी आणि सर्वांत मोठी भर येथेच घालावी. बाजारपेठ आहे, दवाखाने आहेत, चप्पल-बूट शिवणारे कारागीर आहेत. बुटाचा तळ सुटू लागला असेल तर तो येथेच शिवून घ्यावा. दुखावलेला किंवा आजारी सोबती येथून घरी सहज परत जाऊ शकतो, आणि हा निर्णय जंगलात नव्हे तर जुन्नरच्या एसटी स्थानकावर घेणे सर्वांच्या हिताचे असते.

शेवटचा टप्पा : नाणेघाट ते भीमाशंकर

जुन्नरहून घाटघरला यावे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेणे आणि त्यातील राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख पाहून जीवधन चढावा. पुढे ढाकोबा आणि दुर्ग या भागात वस्ती विरळ आहे आणि दुकान नाही असेच समजून चालावे. ढाकोबाच्या आणि दुर्गादेवीच्या राईंत सावली उत्तम मिळते. देवराईतली वाळकी काडीसुद्धा उचलू नये, असा तेथील रिवाज आहे आणि तो पाळावा. हातवीज-आंबे परिसरात आणि आहुप्यात जेवणाची सोय आधी कळवून होऊ शकते. आहुप्याहून घोडेगावकडे गाडीरस्ता आहे, म्हणून काही अडचण आलीच तर शेवटच्या टप्प्यातून बाहेर पडण्याची जागा तीच. आहुपे ते भीमाशंकर ही कोंढवळमार्गे जाणारी वाट अभयारण्याच्या दाट रानातून जाते. शेकरू दिसण्याची संधी येथे सर्वांत चांगली, मात्र परवानगी आणि वाटाड्या दोन्ही असल्याशिवाय आत शिरू नये.

घरी ठेवायचा कागद

निघताना घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडे पूर्ण वेळापत्रक लिहून द्यावे. त्यात प्रत्येक मुक्कामाचे गाव, तेथील ओळखीच्या माणसाचा क्रमांक, गटातील सर्वांचे रक्तगट आणि औषधे असावीत. संपर्काची ठिकाणे आधीच ठरवावीत. शेंडी, पाचनई, हरिश्चंद्रगड, जुन्नर आणि आहुपे एवढी पुरतात. ठरलेल्या संध्याकाळी फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहावी, मग मागच्या मुक्कामाच्या घरी फोन करावा आणि तेथून गट निघाल्याचे कळले तर ११२ वर कळवावे, ही पायरीही त्याच कागदावर लिहावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, पण ती रस्त्यापर्यंतच येऊ शकते. फुरसे किंवा घोणस चावल्यास अवयव न हलवता, जखम न कापता, न चोखता आणि आवळपट्टी न बांधता रुग्णाला उचलून जवळच्या रस्त्याच्या गावी न्यावे लागते. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे ‘येथून सर्वांत जवळचे रस्त्याचे गाव कोणते आणि प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय कोठे’ हे दोन रकाने निघण्यापूर्वीच चौकशी करून भरावेत आणि त्या कागदाची एक प्रत गटातील प्रत्येकाच्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवावी.